उलट उत्तरं देणारी बाग

मोठ्या माणसांना बाग करायला सांगून बघा. ती आधी हिरवळ लावतील. मग तिच्याभोवती विटा तिरक्या पुरून त्यांना गेरू आणि चुना फासतील, मधोमध एक गुलाब लावतील आणि शेवटी पाटी ठोकतील: ‘फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये.’ मग खुर्च्या टाकून चहा पीत म्हणतील, “काय प्रसन्न वाटतंय, नाही?” तोवर मुलं घरात. टीव्हीसमोर.

यात मुलांची काही चूक नाही. त्या बागेत करण्यासारखं काही नसतंच! झोपाळा टांगला, घसरगुंडी आणली, तरी ती गंमत झोपाळ्याची आणि घसरगुंडीची. झाडं बिचारी बाजूला उभी.

आपण दुसरी बाग करू. तिचा नियम एकच. जे लावायचं, त्याने आपल्याला उत्तर दिलं पाहिजे. हात लावला तर हललं पाहिजे, नाहीतर फुटलं पाहिजे. वेळ विचारली तर सांगितली पाहिजे. आणि कधीकधी ‘आज जमणार नाही’ असंही म्हटलं पाहिजे. घरात उलट उत्तर दिलं की आपल्याला ओरडा बसतो. बागेत मात्र जितकी उलट उत्तरं, तितकी बाग भारी.

जागा फार लागत नाही. परसदारी एका खाटेएवढी मिळाली तर उत्तम. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गॅलरीत सात-आठ कुंड्या पुरतात. रोज चार-पाच तास ऊन मात्र हवं. बाकी माती, शेणखत, खुरपं, झारी आणि पहिला पाऊस.

हात लावायचा कोपरा

पहिला मान लाजाळूचा. बी हवं असेल तर शेंगा वाळून तपकिरी होईपर्यंत थांबा. बियांचं कवच टणक असतं, म्हणून कोमट पाण्यात रात्रभर भिजवून मग पेरा. खोडाला काटे असतात, तेवढं लक्षात ठेवा.

लाजाळूला हात लावल्यावर पानं मिटतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पण तुम्ही पूर्ण पंजा मारता, त्यामुळे खरी गंमत निसटते. आता एक पेन्सिल घ्या आणि पानाच्या अगदी टोकाची एकच चिमुकली जोडी हलकेच दाबा. ती मिटेल. मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. जोड्या एकेक करून देठाकडे मिटत येतात. खबर पुढे सरकताना तुम्हाला डोळ्यांनी दिसते! जरा जोरात टिचकी मारली असेल तर खबर देठाच्या मुळाशी पोहोचते आणि अख्खं पान एकदम मान टाकतं.

हे घडतं कसं? लाजाळूला ना स्नायू, ना मेंदू. प्रत्येक छोट्या पानाच्या बुडाशी आणि देठाच्या बुडाशी एक बारीकसा फुगीर भाग असतो. भिंग असेल तर नीट दिसतो. तिथल्या पेशी पाण्याने गच्च भरलेल्या असतात आणि त्यांच्या जोरावर पान ताठ उभं असतं. स्पर्श झाला की एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमसारखे क्षार झटकन बाहेर पडतात. त्यांच्यामागे पाणीही बाहेर पडतं. ती बाजू ढिली होते आणि पान मिटतं. कोथिंबिरीची जुडी ओट्यावर दुपारभर राहिली की मान टाकते, तीही पाणी गेल्यामुळेच. तिला काही तास लागतात, लाजाळू ते काम सेकंदा-दोन सेकंदांत उरकते. मग हळूहळू पाणी परत भरतं आणि दहा-वीस मिनिटांत पान पुन्हा उघडतं.

आणि ती खबर? ती विजेच्या रूपात जाते. आपल्या मज्जातंतूंमधून बोटाला लागलेला चटका मेंदूपर्यंत पोहोचतो, तोही विजेच्या सूक्ष्म लहरींमधूनच. जगदीशचंद्र बोस यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात स्वतः बनवलेल्या नाजूक उपकरणांनी लाजाळूतली ही वीज मोजली होती. झाडांनाही उत्तर देता येतं, हे जगाला पटवण्यात त्यांचं कितीतरी आयुष्य गेलं.

आता एक खोडी. तेच पान, तेवढ्याच हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा डिवचा. काही वेळाने लाजाळू लाजायचं सोडून देते! देफोंतेन नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट सांगतात. लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीत ठेवून पॅरिसच्या रस्त्यांवरून फिरवल्या. पहिल्या धक्क्याला पानं पटापट मिटली. पण गाडी खडखडतच राहिली, तशी पानं हळूहळू उघडली. गाडी हलते आहे, पण आपल्याला कोणी खात नाही, हे जणू त्यांनी ओळखलं. तुमच्याकडे घोडागाडी नसेल. सायकलच्या पुढच्या टोपलीत कुंडी ठेवून एक फेरी मारून बघा, आणि पानं किती वेळाने उघडतात ते लिहून ठेवा.

मात्र दिवसभर छळू नका. मिटलेल्या पानावर ऊन कमी पडतं, म्हणजे तेवढा वेळ स्वयंपाक बंद.

लाजाळूच्या शेजारी तेरडा लावा. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं मोठी माणसं नाक मुरडून म्हणतात. म्हणू द्या. खरी करमणूक रंग गेल्यानंतर सुरू होते. फुलाच्या जागी फिकट हिरवी, बारीक लव असलेली, मध्ये फुगलेली शेंग येते. ती टम्म झाली, किंचित पिवळसर दिसू लागली की दोन बोटांत अलगद धरा.

फाट्!

पापणी लवायच्या आत शेंगेच्या पाच पट्ट्या आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बिया चारी दिशांना उडतात. बोटांत हिरवी गुंडाळी वळवळताना जाणवते. मला वाटतं, त्या क्षणी न किंचाळणारं मूल अजून जन्माला यायचंय. शेंग वाढत असताना तिच्या सालीत पाण्याचा दाब साठत जातो. पाच पट्ट्या एकमेकींना जेमतेम चिकटून तो दाब धरून ठेवतात. तुमचं बोट लागतं, शिवण उसवते आणि साठवलेला सगळा जोर एका झटक्यात सुटतो.

झाड एवढा खटाटोप कशासाठी करतं? बी जर आईच्या पायाशीच पडलं, तर आईच्याच सावलीत खुरटेल. म्हणून तेरडा लेकरांना दूर फेकतो.

करून बघा: कुंडीखाली जुनी चादर पसरा, पट्टी घेऊन बसा आणि सगळ्यात लांब गेलेलं बी किती सेंटिमीटरवर पडलं ते मोजा. सकाळी फोडलेली शेंग लांब फेकते की दुपारी उन्हात फोडलेली? पाऊस पडत असताना काय होतं? भाऊ-बहिणींत शर्यत लागली तर खिडकी बंद करून घ्या, नाहीतर बिया आमटीत. पहिल्या पावसात पेरलेला तेरडा गणपतीच्या सुमारास फुलतो. काही घरी याच रोपांची गौर आणतात, तेव्हा दोन-चार रोपं आजीसाठी राखून ठेवा. सगळ्यांच्या शेंगा फोडून बसलात तर उलट उत्तर झाडाकडून येणार नाही, आजीकडून येईल.

घड्याळाचा कोपरा

आता या कोपऱ्यात काटे नसलेलं घड्याळ लावायचं.

सकाळी नऊ-दहाला उघडणारी फुलं हवी असतील तर ऑफिस टाइम लावा. होय, त्या झाडाला लोक खरंच असं म्हणतात. मऊ सुईसारखी मांसल पानं आणि लाल, पिवळी, गुलाबी, पांढरी चमकदार फुलं. कापून मातीत खोचलेली फांदीसुद्धा जगते, त्यामुळे शेजारच्या काकूंकडून एक तुकडा मागितला की काम झालं. ऊन चढलं की फुलं हजर, दुपार कलली की घरी. आभाळ आलं की मात्र सरळ दांडी!

दुपारी चार-पाचला गुलबक्षीची पाळी. कळ्या दिवसभर गुंडाळून बसतात आणि ऊन उतरायला लागलं की एकेक करून उलगडतात. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून एका फुगलेल्या कळीसमोर बसा आणि नजर हटवू नका. रात्रभर ही फुलं उघडी राहतात, सकाळी उन्हात मिटतात. कधी एकाच झाडावर गुलाबी आणि पिवळी अशी दोन्ही फुलं येतात, कधी एकाच फुलात अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्याचा. मागे राहणारं काळं, सुरकुतलेलं बी हुबेहूब मिऱ्यासारखं दिसतं. ते विषारी असतं. ते तोंडात घालायचं नाही आणि धाकट्या भावंडाच्या हाती लागू द्यायचं नाही.

याहून मोठी गंमत भाजीच्या वेलींत आहे. दोडका आणि घोसाळं ही सख्खी चुलत भावंडं. दोघांची फुलं पिवळी, पानंही बरीचशी एकसारखी. पण घोसाळ्याची फुलं भल्या पहाटे उघडतात आणि दोडक्याची संध्याकाळी! आई संध्याकाळच्या फोडणीला लागते त्या सुमाराला दोडक्याचा मांडव पिवळा होतो. दुधीही संध्याकाळवाला. त्याचं फूल पांढरं, कारण अंधारात पतंगांना पांढरं दिसायला सोपं. लाल भोपळ्याचं फूल सकाळवालं, मधमाश्यांसाठी. दुपारपर्यंत ते मिटूनही जातं. ज्याच्याकडे जो पाहुणा येतो, त्याच्या वेळेला दार उघडायचं. दिवसभर दार उघडं ठेवलं तर पराग पावसात भिजतो आणि मध भलतेच चोरून नेतात.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५१ साली अशा वेळेवर उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या ४६ फुलांची यादी पुस्तकात छापली होती. पण ती स्वीडनची फुलं. आपल्या गावाची यादी आपल्यालाच करावी लागणार. वहीत चार रकाने आखा: फूल, उघडण्याची वेळ, मिटण्याची वेळ, आभाळ कसं होतं.

एक प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल. फुलांना वेळ कळते ती उन्हाकडे बघून, की त्यांच्या पोटात खरंच घड्याळ असतं? हाच प्रश्न १७२९ साली दे मेराँ नावाच्या फ्रेंच माणसाला पडला. तो खरं तर ताऱ्यांचा अभ्यास करणारा. लाजाळूची पानं रात्री आपणहून मिटतात आणि सकाळी उघडतात, हे त्याने पाहिलं होतं. त्याने रोप अंधारात ठेवलं. ऊन नाही, दिवस नाही, रात्र नाही. तरी सकाळ झाली की पानं उघडत आणि संध्याकाळी मिटत!

म्हणजे झाडाच्या आत घड्याळ असतं. ते तुमच्या आतही आहे. रविवारी शाळा नसताना तुम्हाला रोजच्या वेळी जाग येते, ती त्याच्यामुळेच. असं घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे फळमाशीत शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

तुमच्या वहीतून हेही कळेल की कोणतं फूल घड्याळ पाळतं आणि कोणतं नुसतं ऊन बघतं. आभाळ आलं की कोण दांडी मारतं, ते शोधा.

वेलीचं घर

बागेत एक घर हवंच. आपलं स्वतःचं, मोठ्यांना वाकूनसुद्धा आत येता येणार नाही असं.

सात-आठ फुटांच्या सहा बांबूच्या काठ्या घ्या. चार फूट रुंद वर्तुळावर त्या वीतभर खोल रोवा आणि वरची टोकं एकत्र आणून सुतळीने घट्ट बांधा. हे काम मोठ्यांकडून करून घ्या. दोन काठ्यांमध्ये दार सोडा. बाकीच्यांमध्ये आडव्या सुतळ्या ताणा. प्रत्येक काठीच्या पायाशी आळं करून बी टोचा: दोडका, कारलं, घेवडा, गोकर्ण. पाऊस चांगला झाला तर दीड-दोन महिन्यांत भिंती हिरव्या होतात. आत पोतं अंथरा. दोडके घराच्या आत लटकतात, हे आधीच सांगून ठेवतो, डोकं सांभाळा. गॅलरीवाल्यांनी वेल खिडकीच्या ग्रिलवर चढवावी आणि मागे स्टूल टाकावं, झालं घर.

या घराचं काम वेल स्वतः करते, आणि ते बघण्यासारखं असतं. कारल्याच्या वेलीला दोऱ्यासारखे बारीक तणावे फुटतात. एखादा कोवळा, सरळ, हवेत चाचपडणारा तणावा हेरा आणि त्याच्या टोकाजवळ एका बाजूला पेन्सिलीने हलकेच घासा. मग पाच-दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. परत याल तेव्हा तो पेन्सिल लागली त्या बाजूला वाकलेला दिसेल. त्याला वाटलं, सुतळी सापडली! खरी सुतळी सापडते तेव्हा तो तिच्याभोवती वेढे घालतो, घट्ट धरतो, आणि मग मधला सगळा भाग वळवून स्प्रिंग करतो. स्प्रिंग झाली की तो आखडतो आणि वेल सुतळीकडे ओढली जाते. वारा आला तर स्प्रिंग ताणली जाते, तुटत नाही.

आता त्या स्प्रिंगकडे अगदी जवळून बघा. एका टोकापासून वळसे मोजत या. मध्येच कुठेतरी एक सरळ तुकडा लागेल आणि त्याच्यापुढे वळसे उलट दिशेने सुरू होतील! असं का? तणाव्याचं एक टोक वेलीला जोडलेलं, दुसरं सुतळीला. दोन्ही टोकं बांधलेली असताना मध्ये पीळ द्यायचा तर जितके वळसे उजवीकडे, तितके डावीकडे द्यावेच लागतात. नाहीतर टोकं फिरतील आणि तणावा तुटेल. मऊ तार दोन्ही टोकांना न फिरवता मधून पेन्सिलीभोवती वळवून बघा, पटेल. हे कोडं चार्ल्स डार्विनने नीट उलगडून लिहिलं होतं. वेली कशा चढतात यावर त्याने अख्खं पुस्तकच लिहिलं.

गोकर्णाची निळी फुलं येऊ लागली की घरात पाहुण्यांसाठी सरबत करा. पाच-सहा फुलं धुऊन गरम पाण्यात टाका, पाणी गर्द निळं होईल. ते थंड करून दोन पेल्यांत ओता. एका पेल्यात लिंबू पिळा, निळ्याचं जांभळं-गुलाबी झालं! दुसऱ्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका, तो हिरव्याकडे झुकेल. फुलातल्या रंगद्रव्याचे कण आंबट पाण्यात आपली घडण बदलतात आणि मग उजेडातला वेगळा रंग आपल्या डोळ्यांपर्यंत येऊ देतात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना? त्याच जातीची जादू. लिंबाचा पेला साखर घालून पाहुण्याला द्या. सोड्याचा झाडाला नको, मोरीत ओता.

खाऊन टाकायचं झाड

या कोपऱ्यात कढीपत्त्याची दोन रोपं लावा. एक फोडणीसाठी आणि एक खाऊन टाकायला. कोणी खायचं? अळीने.

फुलपाखरं यावीत म्हणून लोक रंगीत फुलं लावतात. फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. ती राहायला यावीत असं वाटत असेल तर त्यांच्या बाळांच्या जेवणाची सोय हवी, आणि ही बाळं खाण्याच्या बाबतीत तुमच्याहून हट्टी. लिंबाच्या कुळातलं पान खाणारी अळी उपाशी मरेल, पण जास्वंदीच्या पानाला तोंड लावणार नाही. म्हणून मादी अंडं घालण्याआधी पानावर पाय आपटून बघते. तिला पायांनी चव कळते! कढीपत्ता, लिंबू, पपनस ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यावर आपल्याकडची काळी-पिवळी ठिपकेदार लिंबू फुलपाखरं येतात, आणि काळी, शेपटीवाली कॉमन मॉर्मनही येतात. तुमचं नशीब जोरावर असेल तर काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेलं भलंमोठं ब्लू मॉर्मन येईल. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षा लहान, गोल, पिवळसर अंडं शोधा. तीन-चार दिवसांत अळी निघते. पण तुम्ही तिला बघून म्हणाल, “ई, पक्ष्याची शी!” अळीलाही तेच हवं असतं. तपकिरी आणि पांढऱ्या डागांची, ओलसर चकाकणारी ती अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि विष्ठा कोणता पक्षी खाईल? मोठी झाल्यावर मात्र हे सोंग जमत नाही, एवढी मोठी शी कोण करणार! मग ती कात टाकून हिरवीगार होते आणि पानात लपते.

अशा हिरव्या अळीला काडीने हळूच टोचा. डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं, ओलं शिंग टपकन बाहेर येतं आणि आंबट-उग्र वास सुटतो. मुंग्या आणि कोळी पळून जातात. दोन-तीनदाच करा, शिंगाचा रस संपला तर खऱ्या शत्रूसमोर ती काय करणार?

साधारण दोन आठवडे अळी नुसती खाते. रोज तिची लांबी पट्टीने मोजा आणि खाली पडलेल्या काळ्या गोळ्याही मोजा. त्या गोळ्या म्हणजे काय, ते आता सांगायला नको. मग ती काडीला रेशमाचा एक धागा कमरेभोवती बांधून टेकून बसते आणि तिचा कोश होतो. हिरव्या पानांत बसली तर कोश बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर बसली तर तपकिरी. दहा-बारा दिवसांनी सकाळी लवकर उठा. कोशातून आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली असेल तर त्या दिवशी आंघोळ उशिरा केली तरी चालेल.

आई म्हणेल, कढीपत्त्याला कीड लागली, फवारा मारू. तिला शेजारचं दुसरं रोप दाखवा.

न झाडलेला कोपरा

शेवटचा कोपरा सगळ्यात सोपा. इथे काहीच लावायचं नाही. अशा जागेची एक खरी गोष्ट सांगतो.

इंग्लंडमध्ये पूर्वी केंट परगण्यात मोडणारं डाउन नावाचं गाव आहे. १८४२ साली चार्ल्स डार्विन तिथे बायकामुलांसह राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मोठं घर, मोठी बाग आणि भरपूर पोरं. ती पोरं बागेत नुसती खेळत नसत, बाबांच्या कामालाही लागत. भुंगे रोज ठरलेल्या वाटेने उडतात आणि ठरावीक जागी थांबून गुणगुणतात, असं डार्विनला दिसलं. मग त्याने पाच-सहा पोरांना कुंपणाजवळ एकेका जागी उभं केलं. भुंगा आला की पोराने आरोळी ठोकायची, की पुढचा तयार! अशा आरोळ्यांवरून त्यांनी भुंग्यांची वाट शोधून काढली.

त्याच बागेत त्याने तीन फूट लांब, दोन फूट रुंद जमीन खणून अगदी साफ केली. एक काडी ठेवली नाही. मग काहीही न लावता तो रोज जाऊन बघायचा. आपोआप उगवलेलं प्रत्येक तण मोजायचं, खूण करायची आणि त्याचं पुढे काय होतं ते लिहायचं. किती तणं उगवली असतील? ३५७! आणि त्यातली २९५ मेली. बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. एवढ्याशा जागेत केवढी मारामारी! जगण्यासाठी सगळ्यांची धडपड चालते, हे आपल्या जगप्रसिद्ध पुस्तकात सांगताना डार्विनने हाच वाफा पुरावा म्हणून दिला.

पण न पेरता उगवतं कुठून? हेही त्याने तपासलं. एका तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल आणून अभ्यासिकेत झाकून ठेवला. चमचे मोठे, वाढायचे. रोप उगवलं की उपटायचं आणि मोजायचं. सहा महिन्यांत ५३७ रोपं निघाली! जमीन म्हणजे बियांची तिजोरी. पावसाळ्यात डबक्याकाठचा वाटीभर चिखल आणून तुम्हीही हा हिशेब करू शकता, फक्त उघडं साचलेलं पाणी ठेवू नका.

कोपऱ्यात पालापाचोळा पडू द्या, म्हणजे गांडुळं येतील. त्यांच्यावरही डार्विनने १८८१ साली पुस्तक लिहिलं, आणि त्यासाठी त्याने गांडुळांना चक्क संगीत ऐकवलं. शिट्टी वाजवली, बॅसून नावाचं भारदस्त आवाजाचं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. त्यांना कानच नाहीत! मग कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि एक सूर दाबला. गांडुळं सटकन बिळात. आवाज ऐकू आला नाही, हादरा मात्र कळला. तुमच्या घरी पियानो नसेल, पण तबला किंवा हार्मोनियम आहे का? रात्री गांडुळं वर आलेली असताना कुंडी त्याच्याजवळ ठेवून वाजवा, मग अगदी त्याच्यावर ठेवून वाजवा. टॉर्चवर लाल कागद गुंडाळा, कारण डोळे नसले तरी उजेड त्यांना कातडीने कळतो. प्रयोग झाला की ओल्या हाताने उचलून परत मातीत सोडा. ती कातडीनेच श्वास घेतात, त्यामुळे कोरडी पडली तर गुदमरतात.

कामाला लागण्याआधी

तीन गोष्टी पक्क्या करा. पक्ष्यांसाठी उथळ थाळीत पाणी जरूर ठेवा, पण ते एक दिवसाआड ओतून थाळी घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. कण्हेर, धोतरा, गुंज आणि रुई या बागेत नकोत. त्यांच्या बिया किंवा चीक धाकट्यांच्या पोटात, डोळ्यांत गेला तर थेट दवाखाना. आणि माती खेळून झाली की साबणाने हात, हे आईने सांगायच्या आधीच करा.

आता कागदावर खाटेएवढा चौकोन काढा. वेलीचं घर उत्तरेच्या बाजूला, म्हणजे त्याची सावली बाकीच्यांवर पडणार नाही. लाजाळू आणि तेरडा वाटेवर, येता-जाता हात लागेल असे. घड्याळाची फुलं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतील तिथे. कढीपत्ता कडेला. उरलेल्या जागेत चार खुंट्या ठोका, सुतळी बांधा आणि आत झाडू फिरवायला सक्त मनाई करा.

आठवड्याभरात तिथे हिरवं काहीतरी वर येईल. बाबा विळा घेऊन येतील आणि विचारतील, “हे काय रान माजवलंय?” घाबरू नका. सांगा, अजून मोजणी चालू आहे, आणि आम्हाला ३५७ च्या पुढे जायचंय.